नानास्नी अस्वल पाडं

आमचे सुरतेचे घरमालक कुणाला तयार होऊ देत नसत. उधन्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसून पदर सारखा करतंय, कॉलर नीट करतंय, तोवर यांचा खटका दाबून झालेला असायचा. "चाला, व्हयनं," म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मी अजून बघितलंच नाही. नाना म्हणायचे, म्हणून तर चांगला आला.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची आणि त्यांच्या बायकोला जिजी. मूळची माणसं अमळनेरकडची. सुरतेत उभा जन्म गेला, दुकानात गुजराती, रस्त्यावर हिंदी, पण घराचा उंबरा ओलांडला की अहिराणी. मी कऱ्हाडची. लग्न करून आले ती थेट त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून. आमचे हे हजीऱ्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मशीन केव्हाही बंद पडायचं, म्हणून कंपनीनं घरी फोन दिलेला. तो फोन आमचा कमी आणि गल्लीचा जास्त होता.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होते, तर नाना खालून म्हणाले, "सूनबाई, आठे उभी ऱ्हाय. तुले पाडस." माझ्या हातातली कळशीच निसटायची राहिली. घरमालक भाडेकरणीला जिन्यावरून पाडतो म्हणतोय, म्हणजे काय समजायचं माणसानं? मी वर पळाले आणि दाराला कडी घातली. संध्याकाळी हे आले, त्यांनी ऐकलं आणि पोट धरून हसत बसले. गुजरातीत फोटो काढत नाहीत, पाडतात. सुरतेतल्या आपल्या लोकांनी ते उचललं, आणि नानांनी त्यातला फोटोसुद्धा गाळून टाकला. सकाळपासून नुसते नवरदेवच पाडतोय, असं ते दमून सांगायचे. पुढं पुढं मला त्याचं काही वाटेनासं झालं.

नानांच्या अल्बमात नवरी जांभई देत असायची. वरमाई लाडू अर्धा तोंडात घालून कुणावर तरी डोळे वटारत असायची. मुलीकडची मंडळी अल्बम आदळायला यायची, आणि नाना त्यांना शांतपणे सांगायचे की तुमची मुलगी रात्रभर झोपली नव्हती, ते फोटोत दिसतंय, मी काय करू. लग्नाची कामं हळूहळू दुसऱ्यांकडे गेली. पण गेटपासच्या फोटोंना मात्र रांग लागायची. इच्छापोर, हजीरा, तिकडच्या कंत्राटी कामगारांना गेटपासला फोटो लागायचा, आणि गेटवरचे वॉचमन म्हणायचे की नानांचा फोटो असला म्हणजे माणूस ओळखायला त्रास पडत नाही, कारखान्यात शिरताना जसा रडका दिसतो तसाच फोटोत असतो.

"तयार व्हयना का मानूस गया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॅमेरा दिसला की माणूस खोटं बोलायला लागतो, तोंडानं नाही, तोंडावळ्यानं. मी एकदा म्हटलं, नाना, मग तुम्ही धंदा तरी दुसरा काढायचा. तर म्हणाले, दुसरा कोणता धंदा आहे जिथं इतकी खोटी माणसं आपल्या पायानं चालत येतात? 

अस्वलाचं वेड त्यांना कसं लागलं, ते जिजीच सांगायच्या. नाना कुणाच्या तरी लग्नाला डेडियापाडा भागात गेले होते. तो सगळा डोंगराचा, जंगलाचा मुलूख. परत येताना पहाटेच्या एसटीपुढं अस्वल आडवं गेलं. रस्त्याच्या मधोमध दोन पायांवर उभं राहिलं, बसकडे बघितलं, आणि कंटाळल्यासारखं निघून गेलं. बसमधली माणसं ओरडत होती आणि नानांचे हात पिशवीचा बंद सोडत होते. बंद सुटला तेव्हा रस्ता रिकामा. नाना घरी आले ते न जेवताच बसून राहिले. म्हणाले, तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला काही सुद्धा वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं तोंड बघितलं. ते अस्वल मादी होतं हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. पण तेव्हापासून जिजी त्या अस्वलाला 'मनी सवत', म्हणजे माझी सवत, म्हणायला लागल्या.

आता गंमत बघा, नानांना अस्वलाच्या पुढ्यात जाऊन फोटो काढायचाच नव्हता. भीती वाटत होती म्हणून नव्हे. माणूस समोर असला की अस्वलसुद्धा तयार होईल, असं त्यांचं म्हणणं. मागं माणूस नाही असा कॅमेरा पाहिजे. वाटेवर दोरा बांधायचा, अस्वलानं तो ओढला की खटका आपोआप दाबला गेला पाहिजे. त्यासाठी त्यांनी डालड्याचा रिकामा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, आत आपोआप रीळ पुढं सरकणारा, फ्लॅशचा छोटा कॅमेरा बसवला, सायकलचा ब्रेक जोडला आणि शेजारच्या लूमवरून नायलॉनचा दोरा आणला.

त्याची परीक्षा कुठं घ्यायची? आमच्या जिन्यावर! न विचारता, न सांगता. एक अख्खं रीळ आमच्या घरादारानं भरलं. मी बादली घेऊन, मी केस मोकळे सोडून, दूधवाला, मांजर, पुन्हा मी. आणि आमचे हे, टॉवेलवर, दाताला मशेरी लावून. तो टॉवेलातला फोटो नानांना इतका आवडला की त्यांनी मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. मी खाली जाऊन कडाकडा भांडले. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यांचा इतका खरा फोटो तुझ्याकडं दुसरा आहे का? नव्हता. पण म्हणून काय काचेत लावायचा? शेवटी जिजींनी तो रात्री काढला आणि मला आणून दिला. अजून आहे माझ्याकडं.

दरवर्षी मोहाची फुलं गळायला लागली की नाना स्टुडिओला कुलूप लावून डबा पिशवीत घालायचे आणि एसटी धरायचे. अस्वलं मोह खायला येतात. तिकडं एका वस्तीत त्यांच्या ओळखीचं घर होतं, तिथं उतरायचे. वाटेवर डबा लावायचा, दोऱ्याखालची माती हातानं सारखी करायची म्हणजे पाऊल उमटेल, आणि मग तीन-चार दिवस तिकडं फिरकायचं नाही. परत आले की डार्करूममध्ये शिरायचे आणि बाहेर यायचे ते तोंड पाडूनच. रिळात शेळ्या. मोहाच्या टोपल्या घेतलेल्या बायका. वाऱ्यानं दोरा हलला म्हणून नुसतीच झाडं. एका वर्षी वस्तीतल्या एका गड्याला त्या वाटेवर अचानक उजेड पडतो असा शोध लागला. तो दुसऱ्या दिवशी भांग पाडून आला, तिसऱ्या दिवशी बायकोपोरांना घेऊन आला, आणि रीळ संपेस्तोवर रोज नवा सदरा घालून दोऱ्याला पाय लावत राहिला. नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "जंगलमा भी हसतस." पण पुढच्या खेपेला त्यांनी त्या कुटुंबाचे सगळे फोटो पाकिटात घालून नेऊन दिले. शिव्याही त्यांना देता यायच्या नाहीत धड.

जिजी मात्र द्यायच्या. नाना जंगलात गेले की त्यांचा पट्टा सुरू व्हायचा. काळी, केसाळ, चार पायांची सवत, आणि माझ्या नवऱ्याला तिच्यापुढं घर दिसत नाही. तुमचा तो डबा एक दिवस तापीत टाकते, हे नानांना निघताना दर वेळी ऐकावं लागायचं.

प्लेगच्या पळापळीनंतर जो उन्हाळा आला, तेव्हाची ही गोष्ट. सुरत नुकती कुठं सावरत होती. कुणाचं माणूस घरी यायला उशीर झाला तरी जिवाचा थरकाप व्हायचा, असे ते दिवस. माझ्या सासूबाई कऱ्हाडहून आमच्याकडं राहायला आल्या होत्या. नाना जंगलात होते आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत यायचे होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन वाजला. सासूबाईंना फोन उचलायची फार हौस, त्यांनी धावत जाऊन उचलला. 'हां, हां' म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाजच बंद झाला. मी आत आले तर रिसीव्हर हातात, तोंड पांढरंफटक.

"अगं, नानास्नी अस्वलानं पाडलं," त्या म्हणाल्या.

कोण बोलत होतं? डेडियापाड्याच्या एसटी स्टँडवरचा कुणी चहावाला. नक्की काय म्हणाला? सासूबाईंनी शब्दाला शब्द सांगितला. नानास्नी अस्वल पाडं, आज घर येनार नहीत, जिजीले सांगा. एवढं बोलेपर्यंत लाईन तुटली. उलटा फोन कुठं करणार, नंबर कुणाला माहीत?

जिजींना मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, आठवावंसं वाटतही नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. ताट तसंच मांडीवर, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "जित्ता शेतस ना?" त्या उठल्या, चपला घातल्या आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मीच रडत होते.

शेजारी एक टेंपोवाले भाऊ होते, मिलमधून साड्यांचे गठ्ठे नेणारे. त्यांचा टेंपो भरलेला होता, माल पोचवायचा होता. त्यांनी गठ्ठे उतरवलेसुद्धा नाहीत, म्हणाले, चढा. ह्यांची ड्यूटी होती म्हणून जिजींबरोबर मी गेले. सासूबाई घरी थांबल्या, देवापुढं.

कामरेज गेलं तरी जिजी नुसता पुढचा रस्ता बघत होत्या. मला तर डोळ्यांपुढं नको नको ते दिसत होतं. अस्वल माणसाच्या तोंडावर जातं हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आणि ज्या माणसानं जन्मभर लोकांची तोंडं पाहिली, त्याचंच तोंड! पुढं रस्ता खराब झाला, टेंपो हिसके द्यायला लागला, तेव्हा जिजींनी माझा हात धरला.

"अस्वल तोंडच फाडस ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जिजी, असं काही बोलू नका.

"फाडू दे," त्या म्हणाल्या. "एक डोळा ऱ्हाऊ दे. फोटो पाडाले एक डोळा पुरस."

तापीत डबा टाकणारी बाई ही. मग त्या आपोआपच बोलायला लागल्या. नाना झोपेत उशी पायांत घेतात. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगत नाहीत, नुसतं मिठाच्या बरणीकडं बघतात. लग्न ठरवायला आले तेव्हा कॅमेरा घेऊनच आले होते, आणि चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या जिजींचा, अडखळून कप सांडताना, फोटो काढला होता त्यांनी. जिजींच्या वडलांना राग आला. जिजींना नव्हता आला. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे, नानांनासुद्धा नाही. नेत्रंग येईपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी फक्त हूं हूं करत होते.

डेडियापाड्यात पोचलो तेव्हा ऊन चांगलं तळपत होतं. आधी सरकारी दवाखान्यात गेलो. कंपाउंडर म्हणाला, अस्वलाची केस आज आलेलीच नाही. मला क्षणभर बरं वाटलं, पण जिजी तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या. दवाखान्यात आणलं नाही म्हणजे आणण्यासारखं काही उरलं नाही, असा त्यांनी अर्थ काढला. टेंपोवाल्या भाऊंनी आणि मी त्यांना दोन्हीकडून धरून उठवलं. म्हटलं, स्टँडवर जाऊ, तो चहावाला शोधू.

चहावाला शोधावा लागलाच नाही. त्याच्या टपरीशेजारी एक पत्रेवाला बसला होता आणि त्याच्यासमोर उलट्या डब्यावर आमचे नाना. बशीतून चहा पीत होते. डोक्यापासून पायापर्यंत अखंड. मांडीवर कॅमेरा, त्याला पंच्याची पट्टी फाडून गच्च बांधलेली. पत्रेवाला त्यांच्या डालड्याच्या डब्याला ठोके देऊन सरळ करत होता.

जिजी धावल्या. त्या वयात, त्या चपलांनी, एवढ्या लोकांत. नानांनी वर पाहिलं तोवर जिजींनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलंही होतं. कान चाचपले, नाक चाचपलं, दोन्ही डोळ्यांवरून अंगठे फिरवले. बशी गेली, चहा गेला. कॅमेरा मांडीवरून निसटून दगडावर आपटला, पट्टी सुटली आणि मागचं झाकण सताड उघडलं. आतली फिल्म उन्हात चकाकत होती. मी दोन पावलांवर होते, मला स्वच्छ दिसलं.

नानांनाही दिसलं. त्यांचा डावा हात खाली गेला, झाकण चाचपडून बंद केलं आणि कॅमेरा पंच्याखाली सरकवला. पण डोळे जिजींवरून हलले नाहीत.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. "कोन मरनं?"

"तुमी," जिजी म्हणाल्या, आणि मग रडल्या. स्टँडवरची माणसं गोळा झाली तरी थांबेनात.

चहावाला घाबरून पुढं आला. तो नंदुरबारकडचा, अहिराणी बोलणारा. त्याची शपथेवर साक्ष होती की त्यानं जसा निरोप होता तसाच सांगितला. नानास्नी अस्वल पाडं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या कऱ्हाडकडं 'नानास्नी' म्हणजे नानांना. यांच्या खानदेशात 'नानास्नी' म्हणजे नानांनी! नानांनी अस्वल पाडलं, म्हणजे फोटोत पाडलं, हा आनंदाचा निरोप होता. माझ्या सासूबाईंनी तो आपल्या गावच्या कानांनी ऐकला होता. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि टेंपोवाले भाऊ हसत हसत खालीच बसले. मग चहावाला हसला, पत्रेवाला हसला, मी हसले. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस कशालाही हसतं, तसं आम्ही हसत होतो. जिजी रडता रडता हसायला लागल्या आणि त्यांना उचकी लागली.

मग नानांनी झालेली हकीकत सांगितली. सकाळी जाऊन बघतात तर दोरा तुटलेला, मातीत ताजे पंजे, डब्याला मोठा पोचा. उजेड पडला तेव्हा अस्वलानं डब्याला एक ठेवून दिली होती. डबा वाकला, आतल्या कॅमेऱ्याच्या झाकणाची कडी मोडली, मोटार अडकली, रीळ मागं गुंडाळेना. डबा दुरुस्त करून ते उद्या सकाळच्या गाडीनं यायचे होते, आणि कॅमेरा उघडायचा तो घरच्या अंधाऱ्या खोलीतच. म्हणून तो पट्टीनं बांधून मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या वर्षांनी सवत सापडली, असं जिजींकडं बघून म्हणाले. जिजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, आता दाखवाच मला, बघू तरी कशी दिसते.

नानांनीच मला शिकवलेलं की शेवटचा फोटो रिळाच्या सगळ्यात वरच्या वेढ्याला असतो. झाकण उघडलं की ऊन पहिलं त्याच्यावर पडतं.

परतीच्या वाटेवर नाना मजेत होते. साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून गोष्टी सांगत होते, आणि जिजी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. कॅमेरा बाजूला पिशवीत पडला होता, टेंपोच्या हिसक्यांनी इकडून तिकडं जात होता. घरी सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नानांची माफी मागायला लागल्या. नाना म्हणाले, आजी, तुमच्यामुळं माझ्या मयताला किती माणसं जमतात ते बघायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना डार्करूममधून बाहेर आले. जिजी दारातच उभ्या होत्या, मीही होते. शेळ्या छान आल्या होत्या. एक मोर आला होता. जिजी म्हणाल्या, आणि ती?

नवऱ्या मुलीच्या आईला तोंडावर खरं सांगणारा माणूस तो. पायांकडं बघत म्हणाला, "हाललं. अस्वल हाललं, सगळं पांढरं व्हयनं."

"हाललं?" जिजी म्हणाल्या.

"जनावर शे. हालनारच."

जिजींनी चुकचुक केलं, आणि जेवायला चला म्हणाल्या. ज्याचं जायचं त्यानं असं झाकून घेतलेलं, तिथं मी कोण बोलणारी?

पुढच्या वर्षी मोह गळायला लागला. नाना डबा घेऊन जिन्याखाली चपला घालत होते. जिजी आतून भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, तापीचं नाव काढलं नाही. गाठोडं पिशवीत नीट बसवलं आणि म्हणाल्या,

"तिले सांगा, यंदा हालू नको. आनि मीबी येनार नही आडवी."

नानांचा एक पाय चपलेत तसाच राहिला. त्यांनी जिजींकडं बघितलं, जिजींनी त्यांच्याकडं. मग दोघांनाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यात नानांची एसटी चुकली.